व्होल्टेज बदलणारा व्हेप आणि त्याची बॅटरी : यवतमाळच्या घरांसाठी माहिती

दुबई-शारजाहून भाचा सुट्टीवर येतो. बॅगेत खजूर, अत्तर, चॉकलेट, आणि कधी कधी मुठीत मावेल असं एक चकचकीत यंत्र. बाजूला बटण, वर तोंडात धरायची नळी, बुडाला फिरवायची चकती किंवा समोर छोटा स्क्रीन. पुसद असो, दिग्रस असो, उमरखेड असो, घरातली पोरं लगेच त्याच्याभोवती जमतात. पोरांचा प्रश्न असतो, व्होल्टेज किती ठेवायचं आणि यात कोणती बॅटरी टाकायची. अम्मीचा प्रश्न वेगळा असतो : हे आहे तरी काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी असावीत म्हणून हा लेख. यातला बॅटरीचा भाग आम्ही मुद्दाम लांबवला आहे, कारण व्हेप घरात नसला तरी तीच बॅटरी बहुतेक घरांत आहे.

आधी कायदा, तो थोडक्यात सांगता येतो. भारतात १८ सप्टेंबर २०१९ पासून ई-सिगारेट बंद आहे. आधी वटहुकूम आला, डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात सगळं गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "यात निकोटिन नाही, फक्त फ्लेवर आहे" असं विकणारा सांगतो, पण कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असो वा नसो, यंत्र तेच धरलं आहे. ई-हुक्काही त्यात येतो. यूएईत २०१९ पासून विक्रीला परवानगी आहे, म्हणून तिथे दुकानात राजरोस मिळतं. पण ते बॅगेत घालून नागपूर किंवा मुंबईच्या विमानतळावर उतरलं की ती आयात होते. ओढणाऱ्यासाठी कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, तरी जवळ बाळगणंही उल्लंघनच आहे अशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची भूमिका आहे. तेव्हा "कोणता व्हेप घ्यावा?" याचं आपल्याकडचं उत्तर एकच : कोणताच नाही.

पण घरात आलेलं यंत्र उत्तर ऐकून निघून जात नाही. ते कसं चालतं हे कळलं तरच धोका कुठे आहे ते कळतं.

आत काय असतं

हे यंत्र आजच्या रूपात २००३ च्या सुमारास होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने तयार केलं. आत चार गोष्टी : बॅटरी, तारेची छोटी कॉइल, कॉइलला गुंडाळलेला कापूस आणि कापसात मुरणारं लिक्विड. बटण दाबलं की बॅटरीचा करंट कॉइलमधून जातो, कॉइल तापते, लिक्विडची वाफ होते. जुन्या इलेक्ट्रिक शेगडीची स्प्रिंग आठवा. तीच गोष्ट, फक्त नखाएवढी. लिक्विडमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. पोरं म्हणतात "पाण्याची वाफ आहे". पाण्याची नाही.

सुरुवातीच्या साध्या यंत्रांत व्होल्टेज बॅटरी देईल तेच, म्हणजे ३.७ च्या आसपास. नंतर 'व्हेरिएबल व्होल्टेज' यंत्रं आली. यात चकती फिरवून साधारण ३.३ पासून ४.८ व्होल्टपर्यंत जाता येतं. आकडे जवळजवळचे वाटतात, पण उष्णता त्याच हिशोबाने वाढत नाही. व्होल्टेजला व्होल्टेजने गुणायचं आणि कॉइलच्या ओहमने भागायचं, की वॅट निघतात. कॉइल दीड ओहमची असेल तर ३.७ व्होल्टला ९ वॅट, ४.८ व्होल्टला १५ वॅट. व्होल्टेज तीस टक्के वाढलं, उष्णता जवळपास सत्तर टक्के वाढली. चकतीचा हा खेळ पोराला कळत नाही. त्याला फक्त "धूर जास्त येतोय" एवढं दिसतं.

कापसात लिक्विड पोहोचण्याआधी कॉइल जास्त तापली तर कापूस आणि लिक्विड करपतं. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी वैद्यकीय मासिकात एक पत्र छापलं. एकच यंत्र ३.३ व्होल्टवर चालवलं तेव्हा वाफेत फॉर्माल्डिहाइड सोडणारं संयुग सापडलं नाही, ५ व्होल्टवर चालवलं तेव्हा सापडलं. फॉर्माल्डिहाइड कॅन्सरला कारण ठरणारं रसायन आहे. या प्रयोगावर आक्षेपही आले : इतक्या व्होल्टेजला वाफ एवढी करपट लागते की माणूस ती ओढणारच नाही, असं इतर शास्त्रज्ञांचं म्हणणं. आक्षेपात तथ्य आहे. मात्र नवशिक्या पोराला करपट काय आणि 'स्ट्राँग' काय यातला फरक कळतो का, हे आपण घरातल्यांनीच विचारात घ्यावं.

बॅटरी : खरा मुद्दा इथे आहे

अनेक व्हेपमधून बॅटरी बाहेर काढता येते. ती असते १८६५० नावाची लिथियम-आयन सेल : १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडी आकार. पेन्सिल सेलपेक्षा बरीच जाड. पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट, नेहमीचं ३.६-३.७, आणि अडीचच्या खाली गेली की ती खराब होऊ लागते. हीच सेल आपल्या टॉर्चमध्ये, चार्जिंगच्या पंख्यात, जुन्या लॅपटॉपमध्ये आणि काही पॉवर बँकांत असते. रब्बीत रात्रीच्या लाइटवर ओलिताला जाणाऱ्याच्या हातात जो चायना टॉर्च असतो, त्यातही बहुधा हीच.

या सेलवर दोन आकडे महत्त्वाचे. एक एमएएच, म्हणजे आत किती साठा आहे. दुसरा ॲम्पिअर, म्हणजे ती एका वेळी सतत किती करंट सुरक्षितपणे देऊ शकते. विहिरीचं उदाहरण घ्या. विहिरीत पाणी किती हा एक प्रश्न, आणि झरा किती वेगाने पाणी देतो हा दुसरा. पाणी भरपूर पण झरा बारीक, अशा विहिरीवर मोठी मोटर लावली तर विहीर उपसून जाते आणि मोटर जळते. सेलमध्ये उलटं होतं, मोटर नाही, विहीरच पेटते.

पेठेतल्या दुकानात फक्त पहिला आकडा दाखवला जातो, आणि जास्त एमएएच म्हणजे चांगली बॅटरी असं आपण धरून चालतो. इथे तो समज फसवतो. पॅनासॉनिकची एनसीआर१८६५०बी ही ३४०० एमएएचच्या आसपासची नावाजलेली सेल आहे, पण ती सतत सात ॲम्पिअरच्या आतच वापरायची. सॅमसंगची २५आर फक्त २५०० ची, पण वीस ॲम्पिअर देते. ३०क्यू ही ३००० ची, पंधरा ॲम्पिअर. एकाच आकाराच्या डब्यात साठा वाढवला की करंटची ताकद कमी होते, असाच साधारण हिशोब आहे. रात्रभर मंद जळणाऱ्या टॉर्चला पहिली उत्तम. खूप करंट ओढणाऱ्या यंत्रात तीच धोक्याची.

आता व्हेपचा हिशोब लावून बघा. ४.२ व्होल्टला कॉइलच्या ओहमने भागा. दीड ओहम असेल तर तीन ॲम्पिअरही नाही. अर्धा ओहम असेल तर साडेआठच्या आसपास. शौकीन पोरं घरी तार गुंडाळून ०.१५ ओहमची कॉइल बनवतात; तिथे २८ ॲम्पिअर होतात. वर सांगितलेल्या तिन्हीपैकी एकही सेल तेवढ्यासाठी बनलेली नाही. ज्या यंत्रात कसलंच सर्किट नसतं, बटण दाबलं की बॅटरी थेट कॉइलला, त्याला 'मेकॅनिकल' म्हणतात. त्याला अडवणारं आत काहीच नसतं.

सर्किट असलेल्या यंत्राचा हिशोब आणखी फसवा आहे. ते ठरवलेले वॅट कायम ठेवतं, म्हणून बॅटरी उतरते तसा करंट वाढत जातो. एका सेलवर ८० वॅट ओढले तर भरलेल्या सेलमधून १९ ॲम्पिअर जातात, ३.२ व्होल्टवर आलेल्या सेलमधून २५, आणि सर्किट स्वतः खातं ते वेगळं. म्हणजे सेल थकलेली असते तेव्हाच तिच्यावर सर्वांत जास्त जोर पडतो. दोन सेलच्या यंत्रात एक नवी एक जुनी टाकली, किंवा दोन कंपन्यांच्या टाकल्या, तर कमजोर सेल आधी उतरते आणि दुसरी तिला उलट्या दिशेने ढकलते. टॉर्चमध्ये सेल एकामागोमाग बसत असतील तर हाच नियम तिथेही : जोडी एका कंपनीची, एका दिवशी घेतलेली, एकत्रच चार्ज केलेली.

सेलचं बाहेरचं प्लास्टिकचं वेष्टन शोभेचं नाही. १८६५० चं अख्खं धातूचं अंग हे वजा टोक असतं. अधिक टोक फक्त वरचं छोटं गोल. दोघांच्या मध्ये एक कागदी चकती आणि ते पातळ वेष्टन, एवढंच. वेष्टन फाटलं, किंवा सुटी सेल पँटच्या खिशात किल्ल्या आणि चिल्लरसोबत ठेवली, की शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. मग आतली उष्णता आतलं रसायन आणखी तापवते, आणि सेल पिचकारीसारखी पेटते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या बातम्यांतून ई-सिगारेट पेटण्या-फुटण्याच्या १९५ घटना मोजल्या. बऱ्याच वेळा यंत्र किंवा सुटी सेल खिशातच होती. २०१८ मध्ये फ्लोरिडात एकाचा जीव गेला. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सुट्या १८६५० सेल घेऊच नका असं सांगितलं, कारण या सेल कंपन्या सुट्या विकण्यासाठी बनवत नाहीत. त्या सर्किट असलेल्या पॅकमध्ये बसवण्यासाठी असतात.

मग टॉर्चसाठी सेल कशी घ्यायची

सुटी सेल लागतच असेल तर आमचं मत असं. वेष्टनावर ९९००, ६८०० असा आकडा दिसला की ती परत ठेवा. या आकाराच्या चांगल्या सेल ३५०० च्या आसपास असतात, अगदी नव्या ४००० पर्यंत पोहोचतात. ९९०० ची सेल जगात कुणी बनवलेली नाही. दुसरी परीक्षा वजनाची : खरी सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरते, बनावट पुष्कळदा तीसच्या घरात. सोनाराच्या किंवा किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर दोन मिनिटांत कळतं, आणि दुकानदाराला राग आला तर येऊ द्या. तिसरं, भारतात विकल्या जाणाऱ्या अशा सेल आणि पॉवर बँकांना बीआयएस नोंदणी सक्तीची आहे. आयएस १६०४६ हा क्रमांक आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पॅकवर बघा.

टॉर्चसाठी शक्यतो 'प्रोटेक्टेड' सेल घ्यावी. तिच्या बुडाला छोटं सर्किट असतं, ते शॉर्ट झालं किंवा फार उतरली तर करंट तोडतं. त्यामुळे ती तीन-चार मिलिमीटर लांब असते. टॉर्चमध्ये बसते का ते आधी पाहून घ्या. मोबाइल दुरुस्तीवाले जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून सेल काढून देतात. खरी कंपनीची असेल तर ती नव्या बनावट सेलपेक्षा बरी असू शकते. मात्र मीटर लावून बघा, अडीच व्होल्टच्या खाली पडून राहिलेली असेल तर चार्ज करून "जिवंत" करू नये. फवारणीच्या बॅटरी पंपाचं वेगळं आहे, त्यात बहुधा १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. तिचा चार्जर लिथियमला आणि लिथियमचा तिला लावायचा नाही.

चार्जिंगबाबत एक गोष्ट यवतमाळकरांनी विशेष लक्षात ठेवायची. बहुतेक कंपन्या लिथियम-आयन सेल चार्ज करायची वरची मर्यादा ४५ अंश सेल्सिअस सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा तिथे पोहोचतो. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत तर किती होत असेल! उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करावं, सहरीला किंवा फजरला उठता तेव्हा. फरशीवर ठेवून, माणूस जागा असताना. गादीवर, उशीखाली, रात्रभर नाही.

लिक्विड आणि आपली कपाशी

इथे आपल्या जिल्ह्याला काही समजावून सांगायची गरज पडू नये. तुडतुडे आणि मावा आले की कपाशीवर इमिडाक्लोप्रिड मारतात. ते ज्या गटातलं औषध आहे त्याचं नाव निओनिकोटिनॉइड, म्हणजे निकोटिनवरून बेतलेलं. तंबाखूचा काढा कीटकनाशक म्हणून फार जुन्या काळापासून वापरला जातो. निकोटिन हे कीटकांना मारणारं विष आहे आणि ते कातडीतूनही अंगात जातं. २०१७ च्या फवारणी हंगामात विषबाधेने आपल्या जिल्ह्यात शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले. औषधं वेगळी होती, पण विष कातडीवाटेही शिरतं हा धडा तोच.

म्हणून फळांच्या वासाची, रंगीत चित्राची ती छोटी बाटली लहान लेकराच्या हाताला लागणं, हा घरातला सर्वांत मोठा धोका. लेकराने चाटलं, प्यायलं, आणि उलटी, लाळ, घाम, चक्कर, धडधड दिसली तर घरगुती उपाय नको. १०८ ला फोन करा किंवा थेट जवळचा सरकारी दवाखाना गाठा. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. बाटली सोबत न्या. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबणाने धुवायचं, फवारणीनंतर धुतो तसंच.

२०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा एक गंभीर आजार पसरला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले, ६८ दगावले. दोष मुख्यतः गांजाच्या अर्काच्या लिक्विडमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा निघाला, साध्या निकोटिन लिक्विडचा नव्हे. हे सांगायलाच हवं. आणि हेही, की ते लिक्विड बरंचसं चोरट्या बाजारातलं होतं. आपल्याकडे तर सगळाच बाजार चोरटा आहे, बाटलीत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

"सिगारेट सोडायला घेतो" असं म्हणणारेही आहेत. ब्रिटनच्या आरोग्य खात्याचं मत असं की सिगारेट ओढणारा पूर्णपणे व्हेपवर गेला तर नुकसान कमी होतं. पण तो हिशोब सिगारेटवाल्याचा. आपल्या पानठेल्यावर खर्रा घोटला जातो. खर्रा चालू ठेवून वर व्हेप धरला तर कमी काहीच होत नाही, निकोटिनची एक वाट वाढते. सोडायचंच असेल तर दोन मिलिग्रॅमचा निकोटिन च्युइंगम मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळतो, आणि १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

रोज्याबद्दल हमखास विचारणा होते, म्हणून एवढंच : वाफ जाणूनबुजून आत ओढली तर रोजा तुटतो, असंच उलेमा सर्वसाधारणपणे सांगतात. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने डिसेंबर २०१५ मध्ये आणि इंडोनेशियाच्या मुहम्मदियाने जानेवारी २०२० मध्ये व्हेपिंग हराम ठरवलं. बारीकसारीक मसला आपल्या मौलानांना विचारावा.

उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी : पॉवर बँक आणि सुट्या सेल चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच, टोकांना टेप लावून. मर्यादा १०० वॅट-अवर. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ भरते, त्यामुळे चालते.

घरात सापडलाच तर

पोराला सगळ्यांसमोर झोडपण्याआधी यंत्र बंद करा. बऱ्याच यंत्रांत बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की ते बंद होतं. सेल निघत असेल तर काढा, दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, प्लास्टिकच्या डबीत ठेवा. निघत नसेल तर उघडायला जाऊ नका. चुलीत, कचऱ्याच्या ढिगात, नालीत टाकायचं नाही. घंटागाडीतल्या कचऱ्यात दाबली गेली तर तिथे पेटेल. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सेल मोबाइल-इलेक्ट्रॉनिकच्या मोठ्या दुकानात किंवा नगरपरिषदेच्या ई-कचरा संकलनात द्या. लिक्विडची बाटली झाकण घट्ट करून लेकरांपासून दूर ठेवा, मोरीत ओतू नका.

सेल फुगली, सुसू आवाज आला किंवा गोड-उग्र वास आला तर हाताने उचलू नका. चार्जिंगला असेल तर आधी मेन स्विच बंद करा. चिमट्याने किंवा फावड्याने उघड्या अंगणात नेता आली तर न्या, नाहीतर सगळ्यांनी बाहेर व्हा. लहान सेलला भरपूर पाणी ओतलेलं चालतं, पाण्याने ती थंड होते. वाळू टाकली तर ज्वाळा दबतात, आतली उष्णता राहते. विझल्यावरही तासभर जवळ जायचं नाही, ती पुन्हा पेटू शकते.